भिंतीकडे तोंड केलेलं मशीन

मुलुंड (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

खंडूकाका,

नमस्कार, आणि सोबत थोडी तक्रार.

मी जान्हवी मेस्त्री. गेल्या फेब्रुवारीत तुमच्याकडे शिलाई मशीन बघायला आले होते, ती मुलुंडची ब्लाऊज शिवणारी. माझ्या आईचा पाय उचलत नाही, म्हणून तुम्ही पायाच्या मशीनला हाताचं हँडल बसवून देणार होतात. थोडं काम राहिलं होतं. "उद्या न्या, २९ ला. चार वर्षांनी येणारी तारीख, विसराल कशी," असं तुम्हीच म्हणालात.

मी विसरले नाही, आले होते. संध्याकाळी तुमच्या बिल्डिंगखाली टेम्पोतून खुर्च्या उतरवत होते आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायका जिना चढत होत्या. आमच्या शेजारच्या गमऱ्यांकडे साखरपुडा झाला तेव्हा अशाच पांढऱ्या साड्या आणि अशाच खुर्च्या होत्या. म्हटलं, काकांकडे कार्य दिसतंय. अशा घरात मशीन मागायला कशी जाणार? खालूनच परत फिरले. जरा राग आला तुमचा. आदल्या दिवशी इतक्या गप्पा मारल्यात, तेवढं एक सांगितलं असतं तर माझी फेरी वाचली असती ना.

मग मार्चमध्ये आई पडली. तिला कणकवलीला भावाकडे नेलं आणि मशीनचा विषय मागे पडला. आता ती परत आली आहे. बसून कंटाळते आणि रोज मला विचारते, "माझा मशीन खंय रवला?" तिला वाटतं ते तिचंच आहे.

परवा फोनवर घाटकोपरच्या 'जुनं द्या, जुनं घ्या' ग्रुपात तुमच्या घरातलं सामान विकायला लागलेलं दिसलं. कपाट, कूलर, चार खुर्च्या. मागे कोपऱ्यात माझं मशीन पाठमोरं उभं होतं. हँडलवरून ओळखलं. विचारलं तर विशाल नावाच्या माणसाने लिहिलं, "ते विकायचं नाही." तुमचा नंबर लावला तर तो बंद आहे. म्हणून हे पत्र. काका, तुम्ही शब्द दिलात म्हणून मी दुसरीकडे बघितलंच नाही. काय ते कळवा.

तुमची,
जान्हवी मेस्त्री


पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
१७ जानेवारी २०२५

जान्हवीताई,

सप्रेम जयभीम. तुमचं पत्र विशालच्या बाबांच्या नावाने आलं, ते मी उघडलं. मी त्यांची बायको, शकुंतला रणपिसे.

आमच्याकडे कार्य नव्हतं. २९ फेब्रुवारीला सकाळी विशालचे बाबा गेले. तुम्ही आलात तेव्हा त्यांना हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं, म्हणून तुम्हाला रडारड ऐकू आली नसेल. तुमचं काही चुकलं नाही. आमच्यात सुखालाही पांढरी साडी आणि दुःखालाही. माझी तर एकच चांगली आहे. तेजलच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नात नेसले होते, तीच त्या दिवशी नेसले.

मशीन तुमचं आहे हे आज कळलं, फार बरं झालं. एखादी वस्तू कुणी बोलून ठेवली की हे तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचे. मग दुसरं गिऱ्हाईक तिच्याबद्दल विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंखा असो, टेबल असो. नाव लिहून ठेवायचे नाहीत. आम्ही सामान हलवलं तेव्हा हे एकच मशीन तसं होतं. कुणाचं ते माहीत नव्हतं. विशाल म्हणाला, एक वर्ष होत आलं, आता कोण येणार, विकून टाकू. मी विकू दिलं नाही. आमची बिल्डिंग पाडून नवीन बांधणार आहेत, मार्चअखेर घर रिकामं करायचं आहे. हे मशीन घेऊन भाड्याच्या घरात जावं लागेल अशी माझी तयारी चालली होती.

विशाल ग्रुपवर लिहितो, "नव्यासारखं." हे पुठ्ठ्यावर लिहून गेटला लावायचे, "पंखा. दोन नंबरवर आवाज करतो. बाकी ठीक." आधी खोट, मग वस्तू. तरी माल जायचा.

आता माझं काम सांगते. तुम्ही २८ तारखेला त्यांना भेटलात. मी त्या दिवशी घरी नव्हते, नाहूरला तेजलकडे होते. विशालचं बिऱ्हाड वेगळं आहे. २९ ला सकाळी आले तोवर शेजारच्या मार्तंडभाऊंनी त्यांना रिक्षात घातलं होतं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा बोलायला कुणी उरलं नव्हतं. म्हणजे त्यांचा शेवटचा पूर्ण दिवस माझ्याकडे नाही. तो तुमच्याकडे आहे. ते काय बोलले, काय खाल्लं, तब्येत कशी दिसत होती, आठवेल तेवढं लिहून पाठवा. फोन करू नका. कानातल्या यंत्राजवळ फोन धरला की शिट्टी वाजते.

मशीन तुमचंच आहे, काळजी करू नका.

शकुंतला रणपिसे


मुलुंड
२३ जानेवारी २०२५

शकुकाकी,

तुम्हाला काकी म्हटलं तर चालेल ना? काका तुमचा उल्लेख शकु असाच करत होते, त्यामुळे मला तुम्ही ओळखीच्या वाटता.

पत्र वाचून मी मशीनवरून उठले ते दुपारपर्यंत बसलेच नाही. गेलेल्या माणसाला मी तक्रार लिहिली. मला माफ करा.

तो दिवस सांगते. मी साधारण बाराला पोचले. दार उघडंच होतं. काका खाली बसून हँडल बसवत होते आणि शेजारी ताटलीत शेंगदाणे आणि गूळ होता. मलाही दिले. मग चहा केला. त्यात आलं इतकं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "शकु नाही तोवर आलं माझ्या हातात आहे." मी म्हटलं, काकी कधी येणार? म्हणाले, उद्या.

मशीनची बॉडी एका मशीनची, चाक दुसऱ्याचं, हँडल तिसऱ्याचं. मी म्हटलं, हे टिकेल का? तर म्हणाले, उद्याची तारीखसुद्धा अशीच जोडून केलेली आहे. वर्ष संपलं तरी सहा-एक तास उरतात. ते कुणी टाकून देत नाही. चार वर्षांचे तुकडे साठवतात आणि एक दिवस बनवतात. "२९ फेब्रुवारी हा सेकंडहँड दिवस आहे," म्हणाले, "पण नव्या दिवसासारखाच उजाडतो का नाही?"

मग गाडी सुरूच झाली. २००० साली आला होता, २१०० साली येणार नाही, कारण ते सहा तास पुरते सहा नसतात, थोडे कमी भरतात, मग कधीतरी हिशेब सारखा करावा लागतो. "तोवर मशीनची गॅरंटी माझी." ते पूर्वी नोकरीला होते त्या वर्कशॉपात राजेश नावाचे एक जण २९ ला जन्मलेले होते म्हणे. चार वर्षांतून एकदाच पार्टी द्यायचे आणि बाकीच्या वर्षी विचारलं तर कॅलेंडर दाखवायचे. मी म्हटलं, आमच्यात तर अख्खा महिना जास्तीचा येतो, अधिक महिना, तेव्हा जावयाला अनारसे द्यायचे असतात. त्यावर काका म्हणाले, "तुमच्यात महिना उरतो, तोही जावई घेऊन जातो."

मी खूप हसले. तास-दीड तास होते मी तिथे. निघताना त्यांनी मशीन उचलून भिंतीकडे वळवलं. तेव्हा कळलं नाही का ते, आता तुमच्या पत्रातून कळलं.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. मशीन न्यायला कधी येऊ, ते तुम्ही म्हणाल तसं.

जान्हवी


घाटकोपर
२८ जानेवारी २०२५

जान्हवी,

तुला आता अहो-जाहो करत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेंगदाणे मीच भाजून ठेवून गेले होते. सेकंडहँड दिवसाचं मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलंय, विचारू नकोस. दर लीप वर्षी वर्कशॉपात सगळ्यांना सांगून घरी येऊन परत मला सांगायचे.

पण मी तब्येतीचं विचारलं होतं. तू चहा लिहिलास, गूळ लिहिलास, अनारसे लिहिलेस, तब्येतीची एक ओळ नाही. तू शिवणारी बाई आहेस. कापड कमी पडलं की कुठे जोड द्यायचा ते तुला माहीत आहे. मीही आयुष्यभर घरात शिवलंय, जोड दिलेला मला दिसतो.

मला सगळे एकच सांगतात. झटक्यात गेले, त्रास झाला नाही, भाग्यवान माणूस. विशाल सांगतो, डॉक्टरांनी सांगितलं, शेजारी सांगतात. मी ऐकून घेते. पण चाळीस वर्षं मी त्या माणसाबरोबर राहिले. झटक्यात त्यांनी कधी काही केलं नाही. जेवायला उठायलासुद्धा अर्धा तास घ्यायचे. तेजलच्या पोराची परीक्षा होती म्हणून मी नाहूरला गेले होते. २७ ला परत यायचं होतं. ती म्हणाली, आई, अजून थोडी थांब, मी थांबले. मला एवढंच कळायला हवं की मी थांबले तेव्हा इथे काय चाललं होतं. वाईट असेल तर वाईट लिही. मी लहान नाही.

दुसरी कटकट अशी. पहिला स्मृतिदिन जवळ आलाय आणि यंदा २९ तारीखच नाही. तुमच्यात तिथी असते, प्रश्न येत नाही. आम्ही तिथी मानत नाही, तारखेने करतो. विशाल म्हणतो २८ ला करू, बाबा फेब्रुवारीत गेले तर फेब्रुवारीतच आठवायचे. विहारही त्या संध्याकाळी मोकळा आहे. तेजल म्हणते, दादा म्हणेल तसं. मी म्हटलं, २८ ला ते होते. असलेल्या माणसाचा स्मृतिदिन कसा करू? विशालला वाटतं मी हट्ट करते. त्याने अजून विहार पक्का केलेला नाही, माझ्या उत्तरासाठी थांबलाय. आणि मी तुझ्या पत्रासाठी थांबले आहे.

शकुकाकी


मुलुंड
१३ फेब्रुवारी २०२५

शकुकाकी,

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. शेवटी आईला विचारलं, असं असं आहे, लिहू का? आई म्हणाली, तिने विचारलं आहे ना, मग तू कोण ठरवणार.

काकांना त्या दिवशी बरं नव्हतं. हँडलचा स्क्रू आवळताना त्यांना घाम आला. पंखा चालू होता. ते उठून स्टुलावर बसले आणि डावा खांदा चोळायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, चाक फिरवून भरून आलाय. थोड्या वेळाने परत कामाला लागले, आणि परत बसले. दुसऱ्या वेळी जरा जास्त वेळ बसले. बोलत होते, पण मधे थांबत होते. २१०० सालचं ते स्टुलावर बसूनच सांगितलं. मी तुम्हाला ते नुसतं हसण्यासारखं करून लिहिलं.

मी म्हटलं, काका, खाली दवाखान्याची पाटी बघितली मी, चला, मी येते बरोबर. ते नको म्हणाले. मी परत म्हटलं. तेव्हा जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "शकु उद्या येतेय. तिच्याबरोबर जाईन. डॉक्टर विचारतो काय होतंय, मला सांगता येत नाही. तिला सांगता येतं."

मी म्हटलं, मग फोन करून बोलवा त्यांना आजच. म्हणाले, नातवाची परीक्षा आहे, उगाच धावत येईल. मग मला आणखी बोलता येईना. परका माणूस, पहिलीच ओळख. माझी रिक्षा आली आणि मी निघाले. थांबायला हवं होतं का, हे मी या पंधरा दिवसांत फार वेळा स्वतःला विचारलंय. तुम्हाला विचारत नाही, तुमच्याकडे तुमचंच पुरेसं आहे.

मशीन वळवून ठेवलं ते जाताना नव्हे, मधेच. त्यांना धाप लागली होती म्हणून मी एका बाजूने उचललं.

एवढंच आहे. आता माझ्याकडे त्या दिवसातलं काही शिल्लक नाही.

जान्हवी


घाटकोपर
२१ फेब्रुवारी २०२५

जान्हवी,

पत्र मिळालं. दोन दिवस मी ते परत परत वाचलं. तिसऱ्या दिवशी मला त्यांचा राग आला. हातात फोन होता, समोर दवाखाना होता, आणि माणूस काय करतो, तर तारखा सांगत बसतो.

डॉक्टरकडे मीच बोलायचे, हे खरं आहे. हे नुसते स्टुलावर बसायचे आणि डॉक्टरने यांना विचारलं की माझ्याकडे बघायचे. मी सांगायचे, रात्री खोकला येतो, जेवण कमी झालंय, गोळी चुकवतात. लग्न झालं तेव्हापासून असंच. मला वाटायचं लाजतात. त्यांना सांगताच येत नव्हतं, हे मला तुझ्याकडून कळलं.

तू थांबायला हवं होतंस का, ते सांगते. नाही. तू थांबली असतीस तर त्यांनी तुला आणखी एक चहा दिला असता. ते माझ्याशिवाय गेलेच नसते. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही.

विशालला सांगितलं, १ मार्चला करायचं. शनिवार आहे, लोकांनाही सोयीचं. त्याने कारण विचारलं, मी दिलं नाही. विहार दुपारचा मिळाला.

तू २८ ला ये, बाराला. आईला टॅक्सीने घेऊन ये, खालून वर न्यायला मार्तंडभाऊ आणि विशाल आहेत. त्यांनी ज्या तारखेला तुला मशीनचा शब्द दिला, त्याच तारखेला ते घेऊन जा. आणि १ तारखेला विहारात ये. साडी कुठलीही चालेल.

शकुकाकी


घाटकोपर
५ मार्च २०२५

जान्हवी,

तू १ तारखेला लवकर निघालीस. आईला एकटं ठेवता येत नाही, ते बरोबरच आहे. पण त्यामुळे नंतरचं तुला कळलं नाही, म्हणून लिहिते.

आधी २८ चं. हँडलचं राहिलेलं काम मार्तंडभाऊंनी पुरं करून दिलं होतं. तुझ्या आईने आमच्या पलंगावर बसून माझ्या उशीचा उसवलेला अभ्रा शिवून दिला, तेव्हा मी आत चहा करायला गेले ते बराच वेळ आले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. वर्षभराने घरात मशीनचा आवाज झाला. टाके जरा वाकडे आहेत. हात बसेल हळूहळू.

आता १ तारखेचं. वंदना झाली तेव्हा तू होतीस. मग एकेक जण बोलायला उठले. वर्कशॉपातले दोघे बोलले, मार्तंडभाऊ बोलले. शेवटी विशाल उभा राहिला. चांगलं बोलला तो, बाबांसारखं लांबण न लावता. आणि शेवटी म्हणाला की बाबा झटक्यात गेले, त्यांना कसलाही त्रास झाला नाही, हेच आमचं समाधान. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षभर डोलावतातच आहेत.

मी उभी राहिले. मी बोलणार हे ठरलेलं नव्हतं. कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं, ते काढून हातात घेतलं, त्यामुळे माझा आवाज किती मोठा होता मला माहीत नाही. मी म्हटलं, "त्रास झाला. आदल्या दिवसापासून होत होता. ते माझी वाट बघत होते, डॉक्टरकडे जायला. मी नाहूरला होते."

एवढंच बोलले आणि बसले. विशालने मान खाली घातली. मला वाटलं चिडला. नंतर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, आई, मला माहीत होतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्याला तेव्हाच सांगितलं होतं की हे रात्रीपासून दुखत असणार. त्याने एकट्याने वर्षभर पोटात ठेवलं, मला लागू नये म्हणून. मी त्याच्याशी कशी वागत होते या महिन्यात, हट्टी म्हणाला म्हणून. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेजल मात्र विहाराच्या पायऱ्यांवर जाऊन बसली होती. मी गेले तर म्हणाली, "आई, मीच तुला थांबवलं."

मी म्हटलं, "तू थांब म्हणालीस. थांबले मी."

ती रडत राहिली. मी शेजारी बसून राहिले. लोक चपला घालायला यायचे आणि आम्हाला बघून मागच्या दाराने जायचे. खूप वेळाने तिने विचारलं, बाबा नक्की काय म्हणाले होते? मी तुझं पत्र दाखवलं नाही, तोंडानेच सांगितलं. मला सांगता येत नाही, तिला सांगता येतं. तेजल डोळे पुसत म्हणाली, "खरं आहे. मला फोन केला की आधी विचारायचे, आई काय म्हणते मला काय झालंय." मग आम्ही दोघी हसलो. विहाराच्या पायरीवर, त्या दिवशी.

सामान बांधायला तेजल रोज येते. नाहूरला तिच्या मागच्या गल्लीत एक खोली बघितली आहे, तळमजल्यावर, तुझ्या आईला यायला सोपी. पत्ता पक्का झाला की कळवते.

विशालने काल विचारलं, पुढच्या वर्षी कधी करायचं, म्हणजे आत्ताच विहाराला सांगून ठेवतो. म्हटलं, १ मार्चलाच सांग. आणि २८ ला मला कुणी कुठे बोलावू नका. परीक्षा असो, बारसं असो, लग्न असो. जे घर असेल त्या घरी, त्या दिवशी मी घरात असेन.

तुझी,
शकुकाकी